बोर्ड स्वस्त, पण किती वर्षं?

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातलं गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं स्टेशन, ख्रिश्चन हॉस्पिटल, शाळा आणि भोवती विखुरलेले पाडे. ज्या नंदुरबार जिल्ह्यात ते येतं त्याचं नाव संगणकाच्या संदर्भात देशभर गाजलं ते २९ सप्टेंबर २०१० ला, टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तेव्हा. माणसांची नोंद घेणारी यंत्रं इथे अशी लवकर पोचली. गावाने स्वतः चालवायचं, उघडून बघायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं यंत्र ही निराळी गोष्ट आहे, आणि खालचा संवाद त्याबद्दल आहे. मुद्दा असा की चिंचपाड्यासारख्या गावातल्या शाळेत एक छोटा सर्व्हर ठेवायचा आहे. मराठी विकिपीडिया, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, गणिताचा सराव, हे सगळं इंटरनेट नसतानाही शाळेच्या वायफायवर मुलांना मिळावं. तो सर्व्हर तळहाताएवढ्या एआरएम बोर्डावर, मुक्त युनिक्ससदृश प्रणाली घालून चालवावा का? यातल्या बाई म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. शाळेचा जमाखर्च सांभाळणारी कुठलीही मुख्याध्यापिका जे विचारील, ते त्यांच्या तोंडी घातलं आहे.

बाई: भाऊ, सरळच विचारते. गाडीत बसलं की सुरत. तिथे वापरलेले डेस्कटॉप ढिगाने मिळतात. मोठी हार्ड डिस्क असते, बिघडला तर कोणीही दुरुस्त करतो. तो सोडून हे काडेपेटीएवढं खेळणं शाळेत का आणू? छंद म्हणून कोणी घरी चालवत असेल तर चालवो.

मी: डेस्कटॉप हा वाईट पर्याय नाही. वीज भरवशाची असेल आणि चौसष्ट बिटांचा बरा डेस्कटॉप कोणी फुकट देत असेल, तर तोच घ्या, मी अडवणार नाही. पण हिशोब वॅटमध्ये करून बघा. पडदा सोडून नुसता डबा साधारण ६० वॅट खातो असं धरू. रास्पबेरी पाय ४ सारखा बोर्ड हलक्या कामावर ५ वॅटच्या आसपास राहतो. चोवीस तास, वर्षभर चालू ठेवला तर पहिल्याचे सव्वापाचशे युनिट होतात, दुसऱ्याचे चव्वेचाळीस. महावितरणचं बिल तरी यातली लहान गोष्ट आहे. खरा फरक वीज गेल्यावर दिसतो. साध्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाताशी ४२ उरले. रूपांतरातली गळती वजा केली तरी बोर्ड त्यावर सहा-सात तास काढतो, म्हणजे शाळेचा दिवस निघतो. डेस्कटॉप अर्ध्या-पाऊण तासात मान टाकतो. छपरावरच्या लहानशा सौर पॅनेलवर बोर्ड चालवता येतो, डेस्कटॉपसाठी वेगळा इन्व्हर्टर बसवावा लागतो. नवापूर तालुक्यातला पावसाळा डोळ्यांसमोर आणा, मग याला खेळणं म्हणवणार नाही.

तरीही केवळ वॅटसाठी कुठलाही बोर्ड उचला असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते खरेदीच्या नेहमीच्या क्रमाच्या उलट आहे. आपण आधी बोर्ड पसंत करतो आणि मग त्यावर काय चालतं ते शोधतो. आधी प्रणाली ठरवावी. तिच्या मुख्य स्रोतात, म्हणजे अधिकृत सोर्स कोडमध्ये, कंपनीच्या मदतीशिवाय, ज्या बोर्डाला आधार आहे तोच बोर्ड घ्यावा. यंत्र किती वर्षं जगणार हे तिथे ठरतं.

बाई: इथेच आमच्या संगणकाच्या सरांचं म्हणणं आडवं येतं. ते म्हणतात, डेस्कटॉपला लिनक्सची पेन ड्राइव्ह लावली की तो सुरू होतो, कुठल्याही कंपनीचा असो. बोर्डांचं तसं नाही. एका बोर्डाचं कार्ड दुसऱ्यात घातलं की पडदा काळाच. मग मुक्त प्रणाली मुक्त राहिली कुठे?

मी: सरांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. पीसीमध्ये कर्नल, म्हणजे प्रणालीचा मूळ भाग, सुरू होताना पीसीआय बसवर बसलेल्या प्रत्येक उपकरणाला तू कोण असं विचारतो आणि ते उत्तर देतं. बाकीची माहिती बायोस किंवा यूईएफआय पुरवतं. एआरएम चिपमधली उपकरणं मुकी असतात. ठरलेल्या पत्त्यावर बसलेली असतात, पण कोणी विचारलं तर बोलत नाहीत. याचं मूळ धंद्याच्या रचनेत आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत २६ एप्रिल १९८५ ला पहिली एआरएम चिप चालू झाली. पुढे १९९० मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी निघाली, तिचा धंदा आराखडे विकण्यावर उभा राहिला. आराखडा घेणाऱ्याने गाभ्याभोवती काय जोडायचं ते त्याचं तो ठरवतो. परिणामी लिनक्समध्ये एकेका बोर्डासाठी वेगळा कोड साचत गेला आणि मार्च २०११ मध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांचा जाहीरपणे संयम सुटला. त्यातून एआरएमवर डिव्हाइस ट्री रुजली. ही फाइल म्हणजे बोर्डाचा सातबारा: कुठल्या पत्त्यावर काय आहे, कुठली तार कोणाकडे जाते, घड्याळाचा वेग किती, हे तिच्यात नोंदलेलं असतं आणि कर्नल ते वाचून घेतो. डिसेंबर २०१२ मधल्या ३.७ या आवृत्तीपासून एकच लिनक्स कर्नल निरनिराळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपवर चालवणं शक्य झालं. महत्त्वाचं म्हणजे या फाइली एका प्रणालीच्या मालकीच्या राहिल्या नाहीत. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या बीएसडी घराण्यातल्या मुक्त प्रणालीही त्याच वापरतात.

तेव्हा सरांची तक्रार खरी आहे, पण ती सगळ्या बोर्डांना सारखी लागू होत नाही. ज्याची नोंद मुख्य स्रोतात झाली तो बोर्ड कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. बीगलबोन ब्लॅक २०१३ मध्ये ४५ डॉलरला आला. त्यावर आजचं डेबियन लिनक्स चालतं आणि नेटबीएसडीही चालतं. २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायवर मार्च २०२४ मध्ये निघालेलं नेटबीएसडी १० चढवता येतं. बारा वर्षांचं अंतर आहे हे. आता उलटं उदाहरण. २०१५ मध्ये नऊ डॉलरचा ‘चिप’ नावाचा बोर्ड अमेरिकेत गाजला, तो बनवणारी नेक्स्ट थिंग ही कंपनी २०१८ मध्ये बुडाली. तिने शहाणपणाने प्रोसेसरचा बराचसा आधार मुख्य कर्नलमध्ये घालून घेतला होता, म्हणून कंपनी गेल्यावरही प्रोसेसर कामातून गेला नाही. पण बोर्डावरच्या साठवणीच्या नँड मेमरीचा आधार तिथे नीट रुजला नव्हता आणि मेमरी कार्डाला खाचही दिलेली नव्हती. लोकांना त्रास झाला तो नेमका तिथे. मुख्य स्रोतात काय पोचलं आणि काय राहिलं, यावर एकाच बोर्डाचा कुठला अवयव जगला हे ठरलं.

बाई: ही अमेरिकेतली उदाहरणं झाली. आपल्याकडे सरकारचा स्वस्त आकाश टॅब्लेट आला होता, त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तो काही कर्नलमुळे पडला नाही. पुरवठा, दर्जा, सरकारी कारभार, हजार कारणं होती. शिवाय आज पालकांच्या हातात मोबाइल आहेत, त्यातही एआरएमच असतं म्हणे. मग वेगळा बोर्ड कशाला?

मी: आकाशच्या अपयशाचं खापर कर्नलवर फोडण्याचा माझा विचार नाही. पण त्याची गोष्ट माझ्या मुद्द्याच्या फार जवळची आहे. ५ ऑक्टोबर २०११ ला पहिला आकाश आला. ११ नोव्हेंबर २०१२ ला दुसरा आला, त्याच्या कामात मुंबईची आयआयटी होती. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्याला १,१३० ला द्यायचा होता. आत ऑलविनर कंपनीचा ए१३ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि अँड्रॉइड ४. पवईच्या त्या संस्थेत त्यावर सी, पायथन आणि सायलॅब चालवण्याची सोय झाली, पूर्ण जीएनयू/लिनक्सही चढवलं गेलं. म्हणजे स्वस्त एआरएम यंत्राला शिकण्याचं यंत्र करण्याची धडपड महाराष्ट्रात झालेली आहे, आणि चांगल्या माणसांनी केलेली आहे. अडचण मुळात होती. त्या यंत्राचा कर्नल कंपनीने दिलेला, जुना आणि मुख्य स्रोतापासून तुटलेला होता. त्याच काळात लिनक्स-सनक्सी नावाचा स्वयंसेवकांचा गट आणि एक लहान फ्रेंच कंपनी ऑलविनरच्या चिप मुख्य कर्नलमध्ये आणत होते, त्यात ए१३ देखील होता. तो प्रोसेसर आजच्या कर्नललाही माहीत आहे. टॅब्लेट मात्र कधीच अडगळीत गेले. पडदा, स्पर्श आणि बॅटरी यांचाही सातबारा मुख्य स्रोतात नोंदवून घ्यायला हवा होता. लाखभर यंत्रं वाटताना एवढं काम करून घेणं खर्चाच्या मानाने काहीच नव्हतं.

मोबाइलचंही तेच. तो हातात आहे, पण मालकाचा नाही. कर्नल कंपनीचा, कुलूप कंपनीचं, अद्ययावत करणं कंपनीच्या मनावर, आणि बऱ्याच स्वस्त फोनांत ते दोन-तीन वर्षांत थांबतं. सर्व्हरवरची पानं वाचायला फोन उत्तम, त्याला माझी ना नाही. सर्व्हर म्हणून कपाटात पंधरा वर्षं ठेवायला नाही.

पंधरा वर्षं हा आकडा उगाच घेतला नाही. १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं आणि ७ सेकंद झाले की पुढच्या सेकंदाला जुन्या बत्तीस बिटी युनिक्ससदृश प्रणालींचं घड्याळ उलटून १९०१ वर जाईल. आज तुमच्याकडे पहिलीत आहे ती मुलगी तेव्हा कॉलेजच्या वयाची असेल. नेटबीएसडीने हा दोष २०१२ मध्ये काढला, ओपनबीएसडीने २०१४ मध्ये. लिनक्स कर्नलमधलं काम २०२० च्या ५.६ आवृत्तीत मार्गी लागलं आणि डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत बत्तीस बिटी एआरएमसाठी हजारो पॅकेजं नव्याने बांधली. जुन्या बत्तीस बिटी इंटेल पीसीसाठी मात्र हा बदल केला नाही, उलट त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. सुरतेतला सर्वांत स्वस्त डेस्कटॉप नेमका त्या पिढीचा निघू शकतो, एवढं ध्यानात ठेवा. आणि कंपनीने २०१४ मध्ये बांधून दिलेल्या जुन्या कर्नलवर अडकलेला एआरएम बोर्ड? त्याच्या ड्रायव्हरांचा स्रोत उपलब्ध नसेल तर जगातला कितीही हुशार माणूस तो दुरुस्त करू शकत नाही.

बाई: हुशार माणूस जगात आहे, चिंचपाड्यात नाही. तुमचा बोर्ड बंद पडला की मी कोणाला बोलावू? आणि ही सगळी माहिती इंग्रजीत. आमच्याकडे मावची, कोकणी बोलणारी मुलं मराठीच मुळात दुसरी भाषा म्हणून शिकतात.

मी: याला पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. नेटबीएसडीची मॅन पानं, म्हणजे यंत्रावरचीच माहितीपुस्तिका, मराठीत नाहीत, मावचीत तर दूरच. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, ते याच सर्व्हरवर उतरवून ठेवता येतात. सुरुवात तिथून होईल, पण शेवटी ज्या एका-दोघांना यंत्र सांभाळायचं आहे त्यांना कामापुरतं इंग्रजी वाचावं लागेल. मुलांना नाही. त्यांच्यासमोर फोनवर मराठी पानं येतात, बोर्डाला पडदाही लागत नाही.

मात्र माणूस लांब आहे, हीच माझ्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे असं मला वाटतं. बीएसडी प्रणालींमध्ये कर्नल, मूळ आज्ञा आणि त्यांची मॅन पानं एकाच स्रोतवृक्षात वाढतात, एकत्र तपासली जातात आणि एकत्र यंत्रावर येतात. इंटरनेट बंद असताना नेटवर्क कसं लावायचं, डिस्क कशी तपासायची, हे त्या यंत्रावरच, त्याच आवृत्तीला लागू असलेलं वाचायला मिळतं. लिनक्सचं ज्ञान जास्त पसरलेलं आहे, पण ते जाळ्यावर पसरलेलं आहे, आणि जाळं नाही म्हणून तर आपण सर्व्हर ठेवतो आहोत. नेटबीएसडीची दुसरी सोय म्हणजे बोर्डाची अख्खी प्रणाली दुसऱ्याच यंत्रावर, कोणाच्याही लॅपटॉपवर, एका स्क्रिप्टने बांधता येते. एवढं सांगून लगेच उलट बाजूही सांगतो. बीएसडीत या बोर्डांवरचं वायफाय पांगळं आहे, तेव्हा बोर्ड केबलने साध्या राउटरला जोडावा आणि वायफाय राउटरने द्यावं. विकिपीडिया ऑफलाइन वाटणारा कीविक्सचा सर्व्हर डेबियनच्या भांडारात तयार मिळतो. त्यामुळे नवा चौसष्ट बिटी बोर्ड आणि हेच काम असेल तर मी डेबियन घेईन. कपाटात पडलेला २०१२ चा पाय असेल तर नेटबीएसडी. यात निष्ठेचा प्रश्न नाही, दोन्ही ठिकाणी कसोटी तीच.

आणि बंद पडल्यावर बोलावण्याआधी एक वस्तू जवळ हवी: ३.३ व्होल्टची यूएसबी सिरियल केबल. ५ व्होल्टची लावली तर बोर्ड जळू शकतो. तीन तारा जोडल्या की बूटलोडरपासून कर्नलपर्यंत प्रत्येक ओळ लॅपटॉपवर दिसते. काळा पडदा म्हणून सरांनी ज्याची तक्रार केली त्यामागे बहुतेक वेळा एक स्पष्ट वाक्य लिहिलेलं असतं, फक्त ते या तारांवर येतं. त्याचा फोटो काढून पाठवला की पुण्यातला किंवा नंदुरबारचा माणूस जागेवरून सांगू शकतो.

बाई: मुक्त मुक्त म्हणता, पण रास्पबेरी पाय आधी कंपनीचीच बंद फाइल चालवतो असं ऐकलं. ते खोटं आहे का?

मी: खरं आहे. त्या बोर्डात आधी ब्रॉडकॉमच्या चिपमधला ग्राफिक्सचा भाग जागा होतो, बंद फर्मवेअर चालवतो आणि मग एआरएमला उठवतो. ते नको असेल तर ऑलविनरचे कित्येक बोर्ड यू-बूट या पूर्णपणे खुल्या बूटलोडरवर सुरू होतात, बीगलबोनचे तर जोडणीचे नकाशेही खुले आहेत. तरी मी पायला बाद करत नाही. बंद भाग लहान, ठरावीक आणि वाटण्याची परवानगी असलेला आहे, कर्नल आणि वरचं सगळं खुलं आहे. मुक्तपणा हा असतो किंवा नसतो अशा प्रकारचा नाही. कुठला भाग बंद आहे आणि तो अडला तर किती अडतं, हे बघायचं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बिघाडाची दोन नेहमीची कारणं वेगळीच असतात. पहिलं मेमरी कार्ड. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डावरची नोंद अर्धवट राहते, आणि सतत लिहीत राहिलं तर स्वस्त कार्ड झिजतं. प्रणालीचा भाग फक्त वाचता येईल असा ठेवला, नोंदवह्या रॅममध्ये ठेवल्या आणि तयार कार्डाची एक प्रत कपाटात ठेवली की दुरुस्ती म्हणजे कार्ड बदलणं. दुसरं कारण घड्याळ. पाय ५ च्या आधीच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. शहरात हे कळत नाही, कारण बोर्ड इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. इथे तो वीज आल्यावर जुन्याच तारखेला जागा होतो. बीएसडी प्रणाली फाइलप्रणालीवर शेवटची नोंदलेली वेळ उचलतात, डेबियनही तशी युक्ती करतं, पण मधले तास हरवलेले असतात. मग हजेरीच्या तारखा चुकतात, सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं अजून लागू नाहीत असं यंत्राला वाटतं आणि नुकतंच परत आलेलं इंटरनेट बंदच आहे असा समज होतो. डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ, त्यात नाण्याएवढा सेल, एवढ्यावर हे मिटतं. तिन्ही बीएसडी आणि लिनक्स, सगळे ते ओळखतात.

बाई: बरं, पटलं असं धरा. तरी खरेदी मी करत नाही. ती सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर होते. तिथे रॅम किती, कोअर किती, एवढंच लिहितात आणि ज्याचा दर कमी त्याला काम जातं. तुमचा सातबारा त्या रकान्यात बसत नाही.

मी: बसवता येतो. एक अट लिहा: देणाऱ्याने डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरून, तुमच्यासमोर, काहीही न बदलता उतरवलेल्या प्रणालीवर बोर्ड सुरू करून दाखवावा. कंपनीने स्वतः बनवलेली प्रत चालणार नाही. या चाचणीला तज्ज्ञ लागत नाही आणि अर्ध्या तासात निकाल लागतो. अपवाद म्हणून पायला त्याची जाहीरपणे मिळणारी फर्मवेअर फाइल जोडायची मुभा द्या.

बाई: अशी अट घातली की निम्मे विक्रेते फिरकणारच नाहीत. निविदा कमी आल्या म्हणून फेरनिविदा निघेल, तोवर मार्च उलटेल आणि निधी परत जाईल.

मी: ते निम्मे फिरकू नयेत म्हणूनच अट आहे. मार्चचं म्हणाल तर जिल्ह्यासाठी एकदम पाचशे घेण्याचा हट्ट सोडावा लागेल. एका शाळेच्या गरजेची रक्कम इतकी लहान आहे की मोठ्या निविदेत तिला कोंबण्याचं कारण नाही. एकाच मॉडेलचे दोन बोर्ड घ्या, एक चालू आणि एक कपाटात, त्यासोबत चार चांगली कार्डं, एक घड्याळ, एक सिरियल केबल, राउटर आणि बॅटरी. आणि बाई, पावतीवर मॉडेलचं नाव आवृत्तीसकट लिहून घ्या. नुसतं ‘मिनी कॉम्प्युटर, २ नग’ असं लिहिलेलं असलं, तर तुमची बदली झाल्यावर येणाऱ्या माणसाला कुठली प्रणाली उतरवायची हे कळायला मार्ग राहणार नाही.